अक्षराची गायकी : कुनछ्यूविषयी प्रस्तावना

यांगत्से नदी समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिणेस, तलावांनी आणि कालव्यांनी विणून काढलेल्या सपाट मुलखात सूचौ हे शहर आहे आणि त्याच्या पूर्वेस जवळच कुनशान हा लहानसा परगणा आहे. मिंग घराण्याच्या अमदानीत (१३६८ ते १६४४) साऱ्या साम्राज्याच्या महसुलाचा भार ज्या मोजक्या सुभ्यांनी उचलला त्यांत सूचौचे नाव अगदी वर होते. भात, रेशीम आणि कापूस यांच्या व्यापाराने तेथे जी संपत्ती साठली तिने हवेल्या उभारल्या, उद्याने रचली, ग्रंथसंग्रह जमवले आणि राजदरबारच्या परीक्षा देऊन हुद्दे मिळवणाऱ्या, तसेच त्या हुद्द्यांना कंटाळून किंवा त्यांवरून बडतर्फ होऊन घरी परतणाऱ्या विद्वानांच्या पिढ्यांमागून पिढ्या पोसल्या. कुनछ्यू ही नाट्यगायकी या मातीत आणि या माणसांत जन्मली.

चिनी रंगभूमीचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे रंगवलेले चेहरे, कोलांट्या आणि झांजांचा खणखणाट उभा राहतो. ते पेकिंगच्या नाटकाचे रूप होय. ते खोटे नव्हे. परंतु कुनछ्यूच्या मानाने ते दोनअडीचशे वर्षांनी धाकटे आहे आणि ज्या थोरल्या घरातून त्याने आपले पुष्कळसे सामान उचलले त्या घराची रीत अगदी निराळी होती. या विषयात शिरणाऱ्या वाचकाने एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात धरावी, ती अशी की कुनछ्यू आधी गायकी होती, नाटक ती मागाहून झाली. तिची घडण रंगमंचावर झाली नाही. हातात पदांची वही घेऊन बसलेल्या, एखादे अक्षर किंचित घसरले तरी भुवई उंचावणाऱ्या चोखंदळ माणसांच्या मैफलीत ती झाली. आणि म्हणूनच तिचा उत्कर्ष, तिचा ऱ्हास आणि तिला मिळालेले जीवदान या तिहींची कारणे नटांच्या गुणदोषांपेक्षा श्रोत्यांच्या परिस्थितीत शोधावी लागतात.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण चीनमध्ये नाट्यगायनाचे जे अनेक प्रादेशिक ढंग प्रचलित होते त्यांत हायेन, यूयाव, यियांग आणि कुनशान या चार ठिकाणचे विशेष नावाजले होते. यियांगचा ढंग रांगडा असे. केवळ तालवाद्यांच्या साथीवर मुख्य गायकाने ओळ टाकावी आणि पडद्यामागच्या मंडळींनी ती उचलून धरावी, असा त्याचा बाज होता आणि खेड्यापाड्यांतील रयतेला तोच प्रिय होता. हायेनचा ढंग त्या मानाने सौम्य असल्याने अंमलदारांच्या मेजवान्यांत त्याला मान असे. श्यू वेइ या विलक्षण बुद्धीच्या चित्रकार-नाटककाराने १५५९ च्या सुमारास दक्षिणी नाट्यगीतांवर जी टिपणे लिहिली त्यांत तो कुनशानच्या ढंगाविषयी म्हणतो की, सूचौच्या आसपासच्या मुलखाबाहेर तो कोणी गात नाही, परंतु ओघ आणि लालित्य या गुणांत उरलेल्या तिघांपेक्षा तो सरस आहे. कुनशान ढंगाचे जनकत्व परंपरा कू च्येन नावाच्या एका गायकाकडे देते आणि त्याला चौदाव्या शतकात नेऊन बसवते. असा एखादा रसिक गृहस्थ असेलही. पण एका मुलखाच्या बोलीतून आणि लोकगीतांतून हळूहळू उगवलेल्या ढंगाला एकच बाप शोधणे ही दरबारी वंशावळ लिहिणाऱ्यांची हौस आहे.

वेइ ल्यांगफूचे मात्र तसे नाही. हा मूळचा च्यांगशी प्रांताचा; सूचौच्या ईशान्येस थाइत्सांग येथे येऊन तो स्थायिक झाला आणि च्याचिंग बादशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५२२ ते १५६६ या काळात, त्याने कुनशानच्या त्या स्थानिक ढंगाला शास्त्राची शिस्त लावली. त्याच्याविषयी आख्यायिका अशी की, आरंभी तो उत्तरेकडची पदे गात असे. परंतु उत्तरेच्या एका गायकापुढे आपले तेज पडेना हे पाहून त्याने दक्षिणी गायकीचा ध्यास घेतला आणि दहा वर्षे माडीवरून खाली पाऊल टाकले नाही. दहा वर्षांचा हिशेब कोणी ठेवला असेल असे वाटत नाही; तरी त्याच्या कामाचे स्वरूप पाहता ती गोष्ट अगदीच अस्थानी नाही. विशेष म्हणजे हे काम त्याने एकट्याने केले नाही. थाइत्सांगच्या लष्करी ठाण्यावर शिक्षा म्हणून धाडलेला चांग येथांग नावाचा एक उत्तरेकडील शिपाई तंतुवाद्याच्या साथीने आपल्याकडची पदे गात असे. वेइने त्याचे गाणे ऐकले, त्याला तीन दिवस ठेवून घेतले आणि बड्याबड्यांनी मागणी घातलेली आपली गायिका मुलगी शेवटी या शिक्षा झालेल्या शिपायाला दिली, असे जुन्या टिपणांत नमूद आहे. या सोयरिकीतून उत्तरेची तंत आणि दक्षिणेचा गळा एका घरात आले. चांग येथांगने तीन तारांचे ते वाद्य दक्षिणी गायनाला मानवेल असे बारीक करून घेतले. आडव्या बासरीने, ज्यात अनेक नळ्या एकदम वाजतात अशा शेंग नावाच्या मुखवाद्याने आणि पिपा या चार तारांच्या वीणेने स्वराची संगत धरली. आणि त्या साऱ्यांवर लाकडी टाळीचा व लहानशा ढोलाचा ताबा राहिला. पाण्याचा हात देत देत घासून लाकडाला झळाळी आणावी तशी ही गायकी घोटलेली, म्हणून तिला त्या काळी 'पाण्याने घोटलेली' असेच नाव पडले.

आता हे घोटणे म्हणजे नेमके काय, ते थोडे जवळून पाहिले पाहिजे. कारण साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. चिनी भाषेत प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो आणि त्या सुरावर अर्थ अवलंबून असतो. जुन्या शास्त्रकारांनी असे चार सूर मानले : सम, चढता, उतरता आणि तुटका. चाल आपल्या मस्तीत एकीकडे गेली आणि अक्षराचा सूर दुसरीकडे राहिला तर श्रोत्याच्या कानावर भलताच शब्द पडतो. इतर ढंगांचे गायक या गोष्टीकडे काणाडोळा करीत. वेइ ल्यांगफूने तिलाच गायनाचा पाया केला. उतरत्या सुराचे अक्षर आले की गळा ते स्वरावर ठेवून क्षणात वरच्या स्वराला निसटता स्पर्श करतो आणि मग खाली येतो. तुटक्या सुराचे अक्षर आले की ते उच्चारताच आवाज तोडावा लागतो, एका श्वासाचाही न भरेल इतका विराम घ्यावा लागतो आणि मगच उरलेली स्वरावळ उलगडावी लागते. वरवर पाहणाऱ्याला हे अलंकार वाटतात. वास्तविक ते व्याकरण आहे.

उच्चाराचेही तेच. एक अक्षर आठ-आठ मात्रा लांबवायचे तर ते कसे लांबवावे, याचा सूक्ष्म विचार या गायकीत झाला, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात शेन छोंगस्वेइ या शास्त्रकाराने तो ग्रंथबद्ध केला. प्रत्येक अक्षराचे शीर्ष, उदर आणि पुच्छ असे तीन भाग त्याने मानले. 'शिआव' या अक्षराचे, ज्याचा अर्थ उभी बासरी असा होतो, त्याचे उदाहरण देऊन तो सांगतो की आरंभीचा 'शि' हे शीर्ष, मधला 'आव' हे उदर आणि शेवटी ओठ मिटता मिटता उरणारा 'ऊ' हे पुच्छ. शीर्षाला क्षणच द्यायचा, उदरात स्वर फिरू द्यायचा आणि पुच्छ श्रोत्याच्या कानापर्यंत पोचवल्याशिवाय पुढच्या अक्षराला हात घालायचा नाही. आपल्याकडे गवयाच्या तानेत शब्द विरघळला तर आपण त्याला क्षमा करतो, पुष्कळदा त्याबद्दल त्याला दादही देतो. कुनछ्यूच्या श्रोत्याने ती कधी दिली नसती.

पदरचनेची पद्धतीही याच वृत्तीची आहे. कुनछ्यूचा नाटककार स्वतंत्र चाल बांधीत नाही. पूर्वापार चालत आलेल्या ठरावीक नावांच्या चालींपैकी प्रसंगाला शोभेल ती निवडून तिच्यात शब्द भरतो. संगीत नाटकांच्या मराठी प्रेक्षकाला हे परके वाटू नये. परंतु आपल्या पदकर्त्याला चालीचे वजन सांभाळले की पुरते, तर येथे प्रत्येक चालीबरोबर ओळींची संख्या, ओळीतील अक्षरांची संख्या, यमकाची जागा आणि कोणत्या जागी कोणत्या सुराचे अक्षर यावे हेही सनदेतील अटींप्रमाणे ठरलेले असते. उत्तरी चाली सात स्वरांच्या, वेगवान आणि शब्दांनी गच्च भरलेल्या. दक्षिणी चाली पाच स्वरांच्या, संथ आणि लांबणाऱ्या. नायकनायिकांचे हृद्गत दक्षिणी चालींत आणि वीराचा आवेश उत्तरीत, अशी वाटणी सर्वसाधारणपणे दिसते. १७४६ मध्ये छ्येनलुंग बादशहाच्या हुकमाने या चालींचे जे प्रचंड संकलन सिद्ध झाले त्यात पाठभेदांसह चार हजारांहून अधिक नमुने नोंदलेले आहेत.

ही गायकी नाटकात शिरली ती ल्यांग छेनयूमुळे. हा कुनशानचाच रहिवासी, जन्म १५१९. याने 'रेशीम धुणारी' हे नाटक नव्या गायकीकरिता म्हणून रचले आणि त्यासाठी कथानकही मोठे समयोचित निवडले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात वू आणि युए या दोन राज्यांचे जे वैर पेटले त्यात युएच्या फान ली या मुत्सद्द्याने आपली वाग्दत्त वधू शी श हिला शत्रूच्या राजाकडे नजराणा म्हणून पाठवले; ती तेथे राहिली, राजा तिच्या नादी लागून राज्याला मुकला आणि शेवटी ती व फान ली नावेतून विशाल सरोवरावर निघून गेली. वूची राजधानी म्हणजेच आजचे सूचौ. आपल्याच नगरीच्या प्राचीन नाशाची कथा आपल्याच बोलीच्या वळणाने गायिली जात आहे, हा अनुभव तेथील श्रोत्याला किती भिडला असेल! हे नाटक गाजले आणि पुढल्या पन्नास वर्षांत कुनशानची गायकी नानकिंग, हांगचौ आणि पेकिंग येथील बड्या घरांत पोचली. हायेनचा ढंग तिच्यापुढे मागे पडत पडत नाहीसा झाला.

या उत्कर्षकाळी जो वाद उपस्थित झाला त्याचा निकाल दोनशे वर्षांनी लागला, म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. थांग श्येनत्सू (१५५० ते १६१६) हा च्यांगशी प्रांतातील लिनछ्वानचा कवी. वरिष्ठांवर टीका करण्याच्या सवयीमुळे सरकारी नोकरीत त्याची डाळ शिजली नाही आणि अखेर राजीनामा देऊन तो घरी परतला. १५९८ मध्ये त्याने 'मुदान थिंग', म्हणजे 'पिओनी फुलांचा मंडप' म्हणता येईल असे ५५ प्रवेशांचे नाटक पुरे केले. एका कडक सुभेदाराची मुलगी तू लिन्यांग वसंतात घरामागच्या उद्यानात जाते, तेथे स्वप्नात एका तरुणाला भेटते, त्याच्या ध्यासाने झुरून मरते आणि तिचे चित्र पाहून तिच्यावर अनुरक्त झालेल्या त्याच तरुणाच्या प्रेमाने पुन्हा जिवंत होते. काव्य अद्वितीय, परंतु चालींचे नियम कवीने जागोजाग झुगारून दिलेले. सूचौजवळच्या वूच्यांगचा शेन चिंग हा चालींच्या शास्त्राचा त्या काळचा सर्वश्रेष्ठ अधिकारी. काव्य एक वेळ कमी पडले तरी चालेल पण पद गाता आले पाहिजे, असे मानणारा. त्याने या नाटकाची गाण्याजोगी आवृत्ती करायला घेतली आणि थांग श्येनत्सू संतापला. साऱ्या जगाचे गळे मोडले तरी बेहत्तर, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले आणि आपल्या ओळखीच्या एका नटाला पत्र लिहून बजावले की, माझेच शब्द गा, दुसऱ्याने बदललेले गाऊ नका.

दोघांपैकी कोणाचा पक्ष खरा, यावर चिनी टीकाकारांनी रीमच्या रीम खर्ची घातले आहेत. मला त्या वादापेक्षा त्याचा निकाल अधिक बोलका वाटतो. सूचौचा ये थांग हा अठराव्या शतकातील गायनाचार्य होता. 'नाशूयिंग' या नावाने ओळखला जाणारा त्याचा स्वरलिपिसंग्रह १७९२ च्या सुमारास छापून निघाला आणि त्यात थांग श्येनत्सूची, 'मुदान थिंग'सह, चारही स्वप्ननाटके त्याने संपूर्ण स्वरबद्ध केली. पदातील एकही अक्षर न हलवता, जेथे शब्द चालीत बसत नव्हते तेथे त्याने चालच वाकवली, एका चालीचा तुकडा दुसरीला जोडला आणि नियमभंग करणाऱ्या ओळी अशा काही गाण्याजोग्या करून ठेवल्या की, आज त्या ऐकताना त्यांत कधी काळी दोष काढला गेला असेल यावर विश्वास बसू नये. याच संग्रहात मात्रांच्या पोटातील बारीक खुणा त्याने बहुतेक गाळल्या. त्या शिकाऊ माणसासाठी असतात, जाणत्याला त्यांची गरज नाही, असे त्याचे म्हणणे. ग्रंथकार आपल्या वाचकाविषयी एवढा निःशंक असावा, यावरून तो वाचक कोण होता हे कळते.

तो श्रोता आणि वाचक पाहायचा असेल तर सूचौच्या वायव्येस असलेल्या हूछ्यू टेकडीवर, आठव्या महिन्यातील पौर्णिमेच्या रात्री जावे लागेल. युआन होंगदाव हा निबंधकार १५९५ नंतर दोनएक वर्षे वू परगण्याचा मामलेदार होता. त्याने आणि त्याच्यानंतरच्या पिढीतील चांग दाय याने या रात्रीची वर्णने लिहून ठेवली आहेत. संध्याकाळी साऱ्या शहरातले लोक, प्रतिष्ठित कुटुंबे, कलावंतिणी, उडाणटप्पू पोरे, नोकरचाकर, टेकडीवर चटया अंथरून बसलेले. चंद्र उगवताच शेकडो ठिकाणी ढोल आणि झांजा सुरू होतात आणि कोणाचे कोणाला ऐकू येत नाही. हळूहळू तालवाद्ये थांबतात, तंतुवाद्ये आणि बासऱ्या उरतात. गाणाऱ्यांची संख्या घटत जाते आणि ऐकणारे एकेका अक्षराचा न्याय करू लागतात. मध्यरात्र उलटल्यावर एकच माणूस मोठ्या खडकावर चढून बसतो. बासरी नाही, टाळी नाही. केसासारखा बारीक स्वर निघतो आणि आभाळापर्यंत जातो. एका अक्षराला जवळजवळ घटकेचा अर्धा भाग लागतो, असे मामलेदारसाहेब लिहितात, ती अतिशयोक्ती आपण पदरात घ्यावी. चांग दाय सांगतो की त्या वेळी कोणी टाळ्या वाजवीत नाही, माणसे नुसती माना डोलावतात. गर्दी पांगत गेली तरी शंभरेक माणसे शिल्लक असतात, असेही त्याने लिहिले आहे. हा जमाव विद्यापीठाचा नव्हे, बाजारपेठेच्या गावचा होता.

याच चांग दायच्या घरी पिढ्यानपिढ्या नाटकमंडळ्या पोसलेल्या होत्या. बड्या घराण्यांनी आपल्या खासगीत मुलामुलींना लहानपणापासून तालीम देऊन असे ताफे बाळगावेत ही त्या काळची रीत होती; वजीरपद भोगून सूचौला परतलेल्या शेन शशिंगच्या घरचा ताफा विशेष नावाजलेला होता. या कलावंतांचे जिणे मोठे सुखाचे होते असे मात्र कोणी समजू नये. धन्याच्या मर्जीवर त्यांचे सर्वस्व अवलंबून असे आणि घर बसले की हवेलीतील सामानाबरोबर त्यांचीही विल्हेवाट लागे. चांग दायने स्वतःच नमूद केले आहे की, तो प्रेक्षकांत बसला असला की भले भले नट घाबरे होत. ज्या कलेचा दर्जा इतक्या कडक पहाऱ्याने राखला जातो तिचा पाया किती अरुंद असतो, हे मांचू सैन्याने मिंग राज्य खालसा केल्यावर कळायचे होते.

तरी ते लगेच कळले नाही. मांचूंच्या छिंग घराण्याच्या पहिल्या शतकात दोन थोर नाटके निर्माण झाली. होंग शेंगने 'शाश्वत जीवनाचा प्रासाद' १६८८ मध्ये पुरे केले. त्यात थांग घराण्यातील एक बादशहा आणि त्याची प्रियतमा यांची शोकान्तिका आहे. पुढल्याच वर्षी सम्राज्ञीच्या सुतकाच्या दिवसांत त्याचा प्रयोग केला म्हणून फिर्याद झाली, लेखकाचे राजविद्यालयातून नाव कमी झाले आणि प्रेक्षकांत असलेल्या कित्येक अंमलदारांच्या नोकऱ्या गेल्या. दुसरे कोंग शांगरेनचे, १६९९ मधले 'पीचफुलांचा पंखा'. हा लेखक कन्फ्यूशियसच्या वंशातला. मिंग राज्याच्या नानकिंगमधील अखेरच्या दिवसांचे हे नाटक राजकीय म्हणून वाचले जाते. पण त्याच्या आरंभीचा एक प्रवेश आपल्या विषयाच्या दृष्टीने बहुमोल आहे. सू कुनशेंग हा गायनशिक्षक श्यांगच्युन या तरुण गणिकेला पद शिकवीत आहे आणि ते पद 'मुदान थिंग'मधले, उद्यानातले आहे. ती गाऊ लागते, तोच तो तिला अडवतो : चुकलीस, या अक्षरावर एक टाळी आणि त्या पुढच्यावर दुसरी, दोन्ही एका दमात ओढू नकोस. ती पुन्हा गाते. तो पुन्हा थांबवतो आणि एक विशिष्ट अक्षर दाखवून म्हणतो, हे गळ्याच्या आत गायचे. राज्य बुडण्याच्या बेतात आहे आणि मास्तर एका अक्षरासाठी अडून बसला आहे. नाटककाराचा यात उपरोध असेल. मला त्यात त्या गायकीचे सर्वांत विश्वसनीय चित्र दिसते.

अठराव्या शतकात पन्नास पन्नास प्रवेशांची नाटके सलग पाहण्याइतका निवांतपणा उरला नाही. निवडक प्रवेश सुटे करून दाखवण्याची प्रथा पडली आणि अशा प्रवेशांचे संग्रह छापून निघाले. त्यामुळे विदूषकाची आणि दुय्यम पात्रांची कामे अधिक घोटली गेली हा लाभच झाला. पण नवीन नाटके थांबली. यांगचौच्या मीठ-व्यापाऱ्यांनी बादशहाच्या दौऱ्यासाठी तैनात ठेवलेल्या मंडळ्यांची वर्गवारी 'शिष्ट' आणि 'रंगीबेरंगी' अशी होती. शिष्ट म्हणजे एकटे कुनछ्यू, रंगीबेरंगी म्हणजे बाकीचे सगळे. मान शिष्टांना, गर्दी इतरांना. १७९० मध्ये छ्येनलुंगच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आन्ह्वेइ प्रांताची मंडळी पेकिंगला आली, तेथेच राहिली आणि तिच्या परंपरेतून पुढे पेकिंगचे नाटक उभे राहिले. १८६० मध्ये थायफिंग बंडवाल्यांनी सूचौ घेतले. हवेल्या जळाल्या, घराणी परागंदा झाली, आणि कुनछ्यूचा श्रोता शांघायच्या परकीय वसाहतीत निर्वासित म्हणून दाखल झाला.

यानंतर ही गायकी टिकली ती हौशी गायकांच्या मंडळांमुळे. नाटकात काम करणे कमीपणाचे मानणारे आणि घरी बासरीवर पद म्हणणे ही विद्या समजणारे गृहस्थ पूर्वीपासून होते. त्यांचा ताठा आपल्याला खटकतो, पण ये थांगची गायकी शिष्यपरंपरेने यू सूलू या सूचौनिवासी गायकापर्यंत आणि त्याचा मुलगा यू चेनफेइ (१९०२ ते १९९३) याच्यापर्यंत आली ती याच वाटेने. वू मेइ या पंडिताने १९१७ पासून पेकिंग विद्यापीठात या विषयाचे अध्यापन केले. आणि १९२१ मध्ये, सूचौमध्ये व्यावसायिक मंडळीतले जेमतेम काही वृद्ध नट उरले असताना, थाओह्वावू भागात कुनछ्यू शिकवणारी शाळा निघाली. तिचा खर्च मू औछू या शांघायच्या गिरणीमालकाने उचलला. अमेरिकेत शिकून आलेल्या याच गृहस्थाने टेलर नावाच्या ग्रंथकाराचा कारखानदारीतील काटकसरीच्या व्यवस्थापनावरचा ग्रंथ चिनी भाषेत आणला होता. वेळेच्या काटकसरीशी जिचे जन्माचे वैर, अशा कलेला त्याने पैसा द्यावा ही मौजेची गोष्ट आहे. गरीब घरच्या मुलांना तेथे जी रंगभूमीची नावे मिळाली त्या प्रत्येकात 'छ्वान', म्हणजे पुढे सोपवणे, हे अक्षर मध्यभागी होते. शेवटच्या अक्षरात तरुण नायकाला रत्नाचे चिन्ह, स्त्रीभूमिकेला वनस्पतीचे, प्रौढ आणि रंगीत चेहऱ्याच्या पात्रांना धातूचे, विदूषकाला पाण्याचे. या मुलांनी पुढे शांघायमध्ये मंडळी चालवली. १९३७ च्या बाँबवर्षावात त्यांचे पोशाख जळाले आणि काही वर्षांत मंडळी मोडली.

त्यांतलेच वांग छ्वानसोंग आणि चौ छ्वानयिंग १९५६ मध्ये 'पंधरा माळा नाणी' हे जुने नाटक आटोपशीर करून पेकिंगला घेऊन गेले. खुनाच्या खोट्या आरोपातून दोन निरपराध जीव वाचवणाऱ्या न्यायी अंमलदाराची ही कथा राज्यकर्त्यांना भावली, चौ एन-लाय यांनी तिची वाखाणणी केली आणि एका नाटकाने एक नाट्यप्रकार वाचवला, असा अग्रलेख सरकारी दैनिकात १८ मे रोजी आला. नव्या मंडळ्या निघाल्या. दहा वर्षांनी सांस्कृतिक क्रांतीत त्या बंदही पडल्या. २००१ मध्ये, योगायोगाने पुन्हा १८ मे रोजीच, युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाची जी पहिली एकोणीस नावे जाहीर केली त्यांत कुनछ्यू होते, आणि त्याच यादीत आपल्या केरळचे कूडियाट्टमही होते. २००४ मध्ये कादंबरीकार पाय श्येनयोंग यांनी तरुण नटांकडून 'मुदान थिंग'चे २७ प्रवेश तीन रात्रींत बसवले आणि विद्यापीठांतील तरुण वर्ग प्रेक्षागृहात आणला. त्यातील भरतकाम आणि प्रकाशयोजना डोळ्यांत भरते; मला ती थोडी जास्त वाटते. पण ज्या कलेला दोनशे वर्षे तरुण श्रोता मिळाला नव्हता तिच्या बाबतीत ही तक्रार फार ताणू नये.

वाचकाला माझी विनंती एवढीच. या विषयाच्या सिद्धांतात शिरण्यापूर्वी मेइ लानफांग आणि यू चेनफेइ यांच्या 'उद्यानविहार आणि स्वप्नभंग' या १९६० च्या बोलपटातील उद्यानाचा प्रवेश एकदा पाहावा. मेइ तेव्हा पासष्टीच्या पुढचे होते आणि सोळा वर्षांच्या मुलीची भूमिका करीत होते. पहिल्या वेळी त्यांच्याकडे पाहावे. दुसऱ्या वेळी डोळे मिटून, पदाचा मजकूर उच्चारासह समोर ठेवून, एकाच ओळीतील एकेक अक्षर कोठे सुरू होते, कोठे तुटते आणि कोठे संपते एवढेच ऐकावे. ते ऐकू येऊ लागले की मगच शास्त्रग्रंथांकडे वळावे, त्याआधी नव्हे.